खुर्चीपुरतं दत्तक

"ह्यांना दत्तक घ्यायचं?" यमुनाबाई तांबटांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं.

"हो," भिकाजीतात्या म्हणाले.

"वय काय ह्यांचं?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि माझं सहासष्ट."

"तेही लिहून आणलंय."

यमुनाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि ओसरीच्या कडेला अंग चोरून बसलेल्या केरबा घोलपकडे नीट बघितलं. केरबानं बसल्या जागेवरूनच नमस्कार केला. दत्तक जाणाऱ्या मुलानं लाजावं तितपत तो लाजलाही होता.

"खायला काय लागतं ह्यांना?"

"काही नाही, बाई," मी घाईघाईनं म्हणालो. "हे दत्तक फक्त खुर्चीपुरतं आहे."

खुर्चीपुरतं म्हणजे काय, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. फार नाही, सदुसष्ट वर्षं.

आमच्या माळशिंगीचं हंसविलास नाट्यगृह नागोशेठ शेट्यांनी सत्तावीस साली बांधलं. भिंती उभ्या राहिल्या, रंगमंच झाला, वर कौलं चढली, आणि मग शेटजींच्या लक्षात आलं की बसायला काहीच नाही. तेव्हा त्यांनी गावातल्या बेचाळीस घरांना एकेक सागवानी खुर्ची करून द्यायला सांगितलं. त्या बदल्यात प्रत्येकाला कागद लिहून दिला : ‘सदर खुर्चीवर बसून नाटक पाहण्याचा हक्क आपणांस व आपले वारसांस यावच्चंद्रदिवाकरौ राहील.’ नागोशेठ चंद्रसूर्यांच्या बाबतीत उदार होते. बाकीचं गाव जाजमावर बसायचं.

पुढं नाटकं थांबली आणि हंसविलास वीस वर्षं कांद्याचं गोदाम झालं. ब्याण्णव साली सरकारची जुन्या वास्तूंची योजना आली. गावात इतिहास शिकवणारा मी एकटाच, म्हणून मला जीर्णोद्धार समितीचा चिटणीस केलं. सरकारची अट एकच होती : सगळं मूळ स्वरूपात हवं. त्यासाठी एक तरुण साहेब मुद्दाम नेमले होते. त्यांनी भिंतींचे रंगाचे अकरा थर खरवडून घेतले. अकराव्याखाली मूळ रंग सापडला. तो आम्ही आदल्या महिन्यात खरवडून टाकलेल्या पहिल्या थराचाच होता. माडीवर लोक बसले तर माडी खाली येईल असं ठरलं. पण ती मूळची होती, म्हणून नुसती बघण्यासाठी ठेवली. कांद्याचा वास मात्र कशानंच गेला नाही. तो मूळचा नाही, असं साहेबांनी दप्तरी नोंदवलं.

काम सुरू झालं त्याच आठवड्यात केरबा माझ्या घरी आला. आम्ही त्याला नाना म्हणायचो. चौतीस वर्षं तो हंसविलासच्या आतल्या दारावर उभा होता. नागोशेठांचा नियम होता की दारवानानं रंगमंचाकडं पाठ करून उभं राहायचं. "तुला नाटक बघायला ठेवलेलं नाही. लोक नीट बघतायत का, ते बघायला ठेवलंय," असं शेटजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेटजी गेले, त्यांचा मुलगा गेला, पण नियम बदलायला कुणी सांगितलं नाही, म्हणून केरबानं तो बदलला नाही.

"म्हणजे नाना, चौतीस वर्षांत एकही नाटक बघितलं नाहीत?"

"ऐकली की समदी. पदं पाठ हायेत. पर राजा कसा दिसतो, म्हाईत न्हाई."

"मागं वळून एकदासुद्धा?"

"एकदा वळलो हुतो. तवा नेमका पडदा पडला."

मी हसलो. तो हसला नाही.

"मास्तर, एक खुर्ची द्या मला. पहिल्या नाटकाला. खाली जाजमावर बसायचं ह्या गुडघ्यांनी बंद केलंय. बसलो तर उठवायला चार माणसं लागत्यात. आन् ह्ये बगा," त्यानं डोळ्याकडं बोट दाखवलं, "मोतीबिंदू काढून आलोय. डाक्टर म्हणला, एवढी घाई कशाची? म्हणलं, नाटक हाय."

"त्या दिवशी एक खुर्ची तुमची," मी म्हणालो.

शब्द देणं फार सोपं असतं; मी तो चहा गाळता गाळता दिला.

बेचाळीसच्या बेचाळीस खुर्च्या कांद्याच्या पोत्यांखाली धडधाकट सापडल्या. तिथं मी चूक केली. उपकाराची जाणीव म्हणून मी बेचाळीस घरांना आभाराची पत्रं धाडली, आणि सोबत नागोशेठांच्या कागदाची नक्कल जोडली. लोकांना आपल्या आजोबांची नावं आठवत नव्हती. खुर्ची लगेच आठवली. पंधरा दिवसांत बेचाळीस खुर्च्यांवर तीनशे ऐंशी वारसांचे अर्ज आले. अकरा नंबरच्या खुर्चीवरून दोन सख्ख्या भावांनी बोलणं सोडलं. ते आधीच बोलत नव्हते, पण आता कारण मिळालं.

तेव्हा समितीनं भिकाजीतात्या निंबकरांना बोलावलं. तात्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोंदवही दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांनी खुर्च्यांचे वारस लावले, फेरफार घातले, हरकती ऐकल्या, आणि एके सकाळी सभेत उभे राहून म्हणाले, "सामाईक विहिरीचं काय करतो आपण? पाळी लावतो. तुझं पाणी दोन तास, माझं दोन तास. खुर्चीचं तेच करू."

सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणाला हसूही आलं नाही. ठरलं असं की दर वीस मिनिटांनी घंटा व्हायची. घंटा झाली की बसलेल्यानं उठायचं, पुढच्या पाळीच्या वारसानं बसायचं. तीन तासांत नऊ वारस. उरलेल्यांनी पुढच्या नाटकाला यायचं.

"नटांचं काय?" मी विचारलं.

"त्यांना काय अडचण? त्यांना कुठं बसायचंय?" तात्या म्हणाले.

मी त्रेचाळिसावी खुर्ची ठेवू का, म्हणून सरकारी साहेबांना विचारलं. मूळ स्वरूपात त्रेचाळीस नव्हत्या, असं ते म्हणाले. स्टूल? तेही मूळचं नव्हतं. केरबा रोज येऊन काम कुठवर आलंय ते बघायचा आणि खुर्चीबद्दल एक शब्द न काढता परत जायचा. त्यापेक्षा त्यानं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी तात्यांनीच वाट काढली. एकोणीस नंबरच्या खुर्चीवर कुणाचाच अर्ज नव्हता. ती तांबटांची. घर संपलेलं, एक विधवा सून तेवढी उरलेली, नऊ मैलांवर कासारखिंडीला भावाच्या घरी. मूलबाळ नाही.

"मग त्यांच्याकडून परवानगीची चिठ्ठी आणू," मी म्हणालो.

"परवानगी चालणार नाही. वारसच पाहिजे. आज एकाला परवानगी दिली की उद्या लोक खुर्च्या भाड्यानं लावतील." तात्यांनी नोंदवही मिटली. "त्यांनी केरबाला दत्तक घ्यावं."

"तात्या, तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे."

"आपल्याकडं जुना रिवाज आहे, नातवंडं झालेला माणूससुद्धा दत्तक जातो."

"पण कायद्यात आई मुलापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी लागते म्हणे."

"अंतर पाहिजे ना? अंतर आहे. कोणत्या बाजूला, ते समिती बघेल."

म्हणून आम्ही तिघं त्या ओसरीवर बसलो होतो.

"जात कोणती ह्यांची?" आतून यमुनाबाईंच्या भावानं विचारलं.

"तू गप रे," यमुनाबाई म्हणाल्या. "खुर्ची सागवानी आहे. तिला सागवानाची जात पुरे." मग तात्यांकडं वळून, "मला काय करावं लागेल?"

"काही नाही. फक्त आई व्हायचं."

"एवढंच ना?" त्यांनी पदर सावरला. "कधी यायचं?"

गुरुवारी सकाळी दहाला हंसविलासच्या रंगमंचावर दत्तकविधान झालं. देव्हाऱ्यातली समई, पाटावर यमुनाबाई, समोर केरबा, बाजूला समितीचे सात जण आणि कान टवकारून बसलेले रंगारी. भटजींनी पहिल्याच मिनिटाला अडवलं.

"मूल देणारे कोण? आईबाप पाहिजेत."

"ते वारले," मी म्हणालो. "बाप अडतीसच्या प्लेगात, आई चोपन्न साली."

"मग द्यायचं कुणी?"

"मी देते की," मागून केरबाची बायको अनसूया म्हणाली. "चोपन्न वर्षं सांबाळलाय. आता घेऊन जावा."

भटजींनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी नोंदवहीत लिहिलं : ‘देणार – पत्नी. खुशीनं.’

"आन् म्हणजे मला सासू आली का?" अनसूयेला एकदम सुचलं. "सासू जाऊन चाळीस वर्षं झाली, जरा मोकळी झाले हुते!"

"खुर्चीपुरती, अनसूयाबाई, खुर्चीपुरती," मी म्हणालो.

"खुर्चीपुरतीच बरी. घरात नको."

पुढचा घोळ मांडीचा झाला. मुलाला आईच्या मांडीवर बसवायचं असतं. यमुनाबाई वजनानं पाच पायल्या जोंधळ्याइतक्या आणि केरबा सहा फूट. भटजी म्हणाले, शास्त्र आहे. तात्या म्हणाले, पाट मोडेल, त्याचा आधी विचार करा. केरबा काकुळतीला येऊन एकदा पाटाकडं आणि एकदा यमुनाबाईंच्या गुडघ्यांकडं बघत होता. शेवटी त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, नीट घडी मोडू न देता दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खाली वाकून उभा राहिला.

यमुनाबाईंनी त्या फेट्यावरून हात फिरवला. जरा जास्त वेळ फिरवला, असं मला वाटलं. पण माझं लक्ष भटजींकडं होतं. ते अजून हरकत शोधत होते.

साखर वाटली. तात्यांनी एकोणीस नंबरपुढं नाव घातलं : केरबा यमुनाबाई तांबट. आणि शेऱ्याच्या रकान्यात : ‘एकमेव वारस. पाळी नाही.’ पुढच्या तीन रांगांत सबंध नाटक बसून बघू शकणारा तो एकटाच माणूस होता.

रविवारी दुपारी चारला नाटक होतं. एक राजा, एक राणी आणि तीन अंक पुरेल एवढा गैरसमज असलेलं जुनं संगीत नाटक. केरबा दोन वाजताच येऊन एकोणीस नंबरवर बसला. नवं धोतर, हात गुडघ्यांवर, मान सरळ. पडद्याकडं तोंड करून बसण्याची सवय नसल्यानं तो मधूनमधून चोरट्यासारखा मागं बघत होता, कुणी ओरडत तर नाही ना म्हणून.

"कसं वाटतंय, नाना?"

"जवळ हाय की ओ पडदा! मला वाटायचं, लई लांब आसंल."

चारला पाच कमी असताना दारात यमुनाबाई दिसल्या. हातात पितळी डबा, अंगावर ठेवणीतलं लुगडं. एसटीनं एकट्या आल्या होत्या. केरबानं त्यांना बघितलं आणि तो उठून उभा राहिला.

"आई, तुम्ही?"

हा शब्द त्यानं आधी घरी म्हणून बघितला होता की तिथं पहिल्यांदाच काढला, मला आजही ठाऊक नाही.

"अनारसे केले होते," यमुनाबाई म्हणाल्या. "म्हटलं, द्यावेत. आणि जरा खुर्ची बघावी. चौदा वर्षं ह्या गावात नांदले. सासरे नाटकाला यायचे, हे यायचे. आल्यावर राजा असा बोलला, राणी तशी रडली, सगळं मला सांगायचे. मला काही कधी आणलं नाही." त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच्या एकोणीस आकड्यावरून बोट फिरवलं. "बरं, बघितली. येते मी. पावणेपाचची गाडी आहे."

"बसा," केरबा म्हणाला.

"अरे, तुझी खुर्ची आहे ती."

"बसा म्हणतो न्हवं."

मी त्याला बाजूला घेतलं. "नाना, असं करू नका. ह्या एका दिवसासाठी डोळा कापून घेतलात तुम्ही. त्यांची मी जाजमावर सोय करतो. आणि हे सगळं फक्त खुर्चीपुरतं आहे, ठरलंय तसं."

केरबानं माझ्याकडं शांतपणे बघितलं.

"तेच म्हणतोय मी, मास्तर. खुर्चीपुरती आई. मग खुर्चीपाशी तरी ती आई हाय का न्हाई? आई हुभी आन् मी बसू?"

ह्याला उत्तर असेल तर तात्यांपाशी असेल, म्हणून मी त्यांना बोलावलं. तात्यांनी नोंदवही उघडली, वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला बघितला.

"आई हयात असताना हक्क आईचाच," ते हळूच म्हणाले. "मुलाचा तिच्यामागं. दत्तक घेऊन ह्याला खुर्ची मिळतच नव्हती, मास्तर. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"मग आपण गुरुवारी केलं काय?"

"दत्तकविधान," तात्या म्हणाले. "ते मात्र पक्कं झालंय."

यमुनाबाई बसल्या. अनारशांचा डबा मांडीवर घेतला. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली. केरबा खुर्चीमागं उभा राहिला, तशी मागच्या रांगेतून "खाली बसा, खाली बसा!" अशी ओरड झाली. खाली बसणं त्याला शक्य नव्हतं. तो निमूटपणे भिंतीकडेनं सरकत दारापाशी गेला आणि चौतीस वर्षं जिथं उभा राहिला त्याच फरशीवर उभा राहिला.

नाटकाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वीस मिनिटांनी पहिली पाळीची घंटा झाली तेव्हा राजाला मध्यंतर झालं असं वाटून तो आत निघून गेला. त्याला परत आणेपर्यंत एकेचाळीस माणसं उठली आणि एकेचाळीस बसली. दुसऱ्या घंटेला राणीचं पद चालू होतं. उठणाऱ्यांना ते पुरं ऐकायचं होतं आणि बसणाऱ्यांना सुरुवातीपासून. चौथ्या पाळीला बसलेल्यांना राजा राणीवर का चिडलाय, ते कळेना, तेव्हा पाचव्या पाळीसाठी थांबलेल्यांनी ते दारातून ओरडून सांगितलं. अकरा नंबरचे दोघे भाऊ उठता-बसता एकमेकांच्या पायांत अडकून पडले आणि त्यानिमित्तानं बोलले. काय बोलले, ते इथं लिहिता येणार नाही. ह्या सगळ्या भरती-ओहोटीत एकोणीस नंबरवर एक लहानखुरी म्हातारी नऊच्या नऊ पाळ्या जागची हलली नाही. पावणेपाचची गाडी गेली. त्यानंतरचीही गेली.

पडदा पडल्यावर मी तोंड लपवत केरबापाशी गेलो.

"नाना, माफ करा. तुमचं नाटक राहिलं."

"राहिलं कुठं? बघितलं की. आज पडद्याकडं पाठ करायची काय गरज हुती? दारवान न्हाई आता मी." तो खुशीत होता. "राजा बुटका निघाला हो! आवाजावरनं मला वाटायचं, उंच आसंल."

"पण बसून बघायचं होतं ना तुम्हाला?"

"बसायचं काय, घरी बसतोच." त्यानं आवाज खाली आणला. "आई दोनदा हसली. तिसऱ्या अंकात रडली पण. पर त्यो कांदा आसंल."

एसटी संपल्या होत्या, म्हणून यमुनाबाई त्या दिवशी घोलपांकडं गेल्या. अनसूयेनं कपाळावर हात मारला आणि पिठलं टाकलं. सकाळी जातील म्हणून थांबलेल्या यमुनाबाई संकष्टीपर्यंत राहिल्या. मग गेल्या, आणि पुढच्या नाटकाला पुन्हा आल्या. समितीनं पाळ्या पहिल्या प्रयोगानंतरच मोडीत काढल्या. नटांनी लेखी मागणी केली होती. सरकारी साहेबांची बदली झाल्यावर मी स्वखर्चानं एक स्टूल आणून दाराशी ठेवलं. केरबा त्यावर आपली पिशवी ठेवायचा. सहा वर्षांत हंसविलासमध्ये बावीस नाटकं झाली. बावीस वेळा तो कासारखिंडीला जाऊन तिला घेऊन आला, एकोणीस नंबरवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. शेवटच्या चारपाच नाटकांना तिला नीट ऐकू येत नव्हतं. तेव्हा तो मधल्या वेळेत तिच्या कानाशी वाकून राजा काय म्हणाला, ते सांगायचा.

दोन हजार साली माघात यमुनाबाई गेल्या. मी पोचलो तेव्हा कासारखिंडीच्या नदीकाठी केरबा उकिडवा बसला होता. उकिडवा! त्या गुडघ्यांनी. त्याला उठवायला चार माणसं मागंच उभी होती. समोर गावचा न्हावी वस्तरा परजत होता. डोकं झालं होतं, आता मिशीवर हात घालायचा होता. झुबकेदार, पांढरी, चांगली पन्नास वर्षांची मिशी.

"कोण गेलं, बाबा?" न्हाव्यानं पाणी लावत विचारलं.

"आई."

"आरं देवा. लई वय आसंल मग."

"बहात्तर."

न्हाव्याचा हात थांबला. त्यानं केरबाचा चेहरा दोन्ही बाजूंनी बघितला.

"आन् तुमचं?"

"ऐंशी."

न्हाव्यानं वस्तरा खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"करा तुम्ही," मी म्हणालो. "कागदपत्रं आहेत."